हिवाळ्याआधी परसबागेची तयारी: काळ्या मातीत काय करायचं आणि काय टाळायचं

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: औशाजवळ नुकतंच घेतलेलं घर, मागेपुढे मिळून दीडेक गुंठा आवार, माती काळी. पावसाळ्यात कंबरेएवढं गवत माजलंय. आधीच्या मालकांनी लावलेली दोन लिंबं, केसर आंब्याचं एक कलम, एक सीताफळ, कुंपणाला गुलाब आणि मोगरा. पाणी बोअरचं, तेही बेताचं. ऑक्टोबर लागलाय, तर थंडीआधी सगळं आवार खणून काढावं का, भाज्या कधी लावाव्यात आणि हिवाळ्यात झाडं झाकावी लागतात का.

मी अंबाजोगाईला रोपवाटिका चालवतो. तुमची आणि आमची माती, हवा, पाण्याची बोंब सारखीच, त्यामुळे जे सांगतो ते इथल्या हिशेबानेच.

झाकण्याचा प्रश्न आधी घेतो. 'हिवाळ्यासाठी बागेची तयारी' म्हणून जे व्हिडिओ फिरतात त्यातले निम्मे बर्फाच्या देशांतले असतात. तिथे हिवाळ्यात बाग बंद होते, म्हणून झाडांना गुंडाळणं, नळ रिकामे करणं ही कामं असतात. आपल्याकडे घरच्या बागेचा खरा हंगाम दिवाळीला सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. झाकण्यासारख्या रात्री अख्ख्या हिवाळ्यात मोजक्याच येतात, त्यांचं पुढे सांगतो. आपल्या माणसाने ऑक्टोबरात थंडीची धास्ती धरू नये, एप्रिलची धरावी. पावसाने मातीत जी ओल भरून ठेवली आहे ती आत्ता तुम्ही किती धरून ठेवता, यावर मार्चनंतर बागेत काय जगणार ते ठरतं. म्हणून या महिन्यातलं प्रत्येक काम ओलीचा विचार करूनच करायचं.

सगळं आवार खणून उलटं करू नका. काळी माती खणून उघडी टाकली की ऑक्टोबरचं ऊन आठवडाभरात तिच्यातली ओल ओढून नेतं आणि तुमच्या हाती दगडासारखी ढेकळं राहतात. खणायचं ते फक्त जिथे वाफे करणार तिथे, आणि तेही वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशा ओलीवर. वाफसा आला की नाही हे वरून बघून कळत नाही, वरचा थर फसवतो. खुरप्याने वीतभर खोल उकरा, तिथली मूठभर माती घ्या, दाबून लाडू वळा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. लाडू फुटून भुगा झाला तर आजच कुदळ घ्या. चपटा होऊन चिकटून बसला तर अजून थांबा, कारण ओल्या काळ्या मातीत कुदळ मारली की तिची वीट होते आणि ती वीट पुढे महिनोन्महिने फुटत नाही. लाडू वळतच नसेल तर वेळ गेली आहे. मग हलकं पाणी द्या, चार-पाच दिवस जाऊ द्या, पुन्हा लाडू वळून बघा. परतीचा पाऊस कधी दसऱ्यापर्यंत लांबतो, त्यामुळे तारीख बघून काम काढू नका.

बाकीच्या आवारात फक्त वरची दोन बोटं माती हलवायची. काळी माती वाळताना आक्रसते आणि तिला भेगा पडतात. त्या भेगांतून हवा आत शिरते आणि खालची ओल सुद्धा उडून जाते. वरची माती खुरप्याने मोकळी केली की ती भुगा होऊन भेगेत पडते आणि तोंड बुजतं. ज्वारीवाले शेतकरी 'एक कोळपणी, अर्धं पाणी' म्हणतात ते याचसाठी. झाडांच्या भोवती हे काम नोव्हेंबरात एकदा आणि डिसेंबरात एकदा करा. खोल जाऊ नका, लिंबाची मुळं अगदी वर असतात.

आता गवत. कंबरभर गवत बघून माणूस आधी तणनाशकाच्या बाटलीकडे जातो. छोट्या आवारात ते नकोच, वाऱ्याने उडालेला फवारा गुलाबावर आणि लिंबावर बसतो. बी धरण्याआधी विळ्याने कापा आणि कापलेलं तिथेच वाळू द्या, पुढे आच्छादनाला लागणार आहे. तीन तणांचं मात्र वेगळं बघायचं. हरळी कापून जात नाही, तिच्या काशा (मातीतली लांब खोडं) वाफ्यापुरत्या तरी वेचून काढाव्या लागतात. लव्हाळ्याच्या गाठी खोल असतात, त्या सगळ्या निघतील ही आशा सोडा. वाफ्यात वर आला की खुडत राहायचं, हळूहळू गाठी दमतात. आणि गाजर गवत. ते फुलावर येण्याआधी मुळासकट उपटायचं, हातात मोजे आणि नाकावर रुमाल बांधून, कारण पुष्कळांना त्याने अंगाला खाज सुटते, दमा असलेल्यांना तर जास्तच त्रास. पांढरी फुलं आली असतील तर ते उकिरड्यावर अजिबात टाकू नका. त्याचं बी घरच्या उकिरड्यात मरत नाही, पुढच्या वर्षी शेणखताबरोबर परत तुमच्याच वाफ्यात येतं. खोल खड्ड्यात पुरून टाका.

गवत काढताना एका गोष्टीवर नजर ठेवा. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, तेव्हापासून घरच्या बागांतही त्या दिसतात. पाऊस संपला की त्या कवचाचं तोंड बंद करून दगडाखाली, विटांच्या ढिगाखाली, कुंड्यांच्या बुडाशी, मातीत दबून बसतात आणि थेट पुढच्या पावसात उठतात. म्हणजे त्यांना वेचायला आत्ताचा काळ सोन्यासारखा. विटा, फरशा, कुंड्या उचलून बघा. दोन ठिकाणी ओलं गोणपाट रात्री पसरून ठेवा, जागी असलेली जनावरं सकाळी त्याच्या खाली सापडतात. मातीत साबुदाण्यासारखे पांढरे अंड्यांचे पुंजके दिसले तर तेही काढा. गोळा केलेलं सगळं साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात बुडवा. मीठ थेट मातीवर टाकू नका, आपल्या मातीत क्षार आधीच पुरेसे आहेत.

वाफे घराच्या भिंतीपासून तीन-चार फूट लांब घ्या. काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते. भिंतीला लागून रोज पाणी घातलं तर पायाखालची माती एका बाजूला फुगत राहते आणि वर्षा-दोन वर्षांत भिंतीला तिरक्या चिरा दिसू लागतात. सुंदर फुलवलेल्या वाफ्यामागे तडकलेली भिंत मी बऱ्याच घरी बघितली आहे.

वाफ्याची रुंदी तीन फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पुरतो आणि आत पाय पडत नाही. लांबी दहा फूट धरा. तुमच्या काळ्या मातीत वाफा आजूबाजूपेक्षा वीतभर उंच ठेवा, नाहीतर अवकाळी आला की मुळं सडतात. (बालाघाटाच्या डोंगरावर, मुरमाड रानात ज्यांची घरं आहेत त्यांनी नेमकं उलट करावं, वाफा जमिनीपेक्षा थोडा खोल घ्यावा म्हणजे पाणी टिकतं.) एवढ्या वाफ्याला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि पाव किलो निंबोळी पेंड पुरे. शेणखत कुजलं का ते ओळखायचं असेल तर ढिगात हात घाला. आत गरम लागलं किंवा शेणाचा वास आला तर ते कच्चं आहे. कच्च्या शेणखतातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि वाळवी दोन्ही बागेत येतात.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून पुष्कळजण त्यात वाळू मिसळतात. दोन-चार घमेली वाळूने काहीही होत नाही, आणि फरक पडेल एवढी वाळू विकत घ्यायला खिसा रिकामा होईल. त्यापेक्षा सोयाबीनचं भुसकट घाला. आत्ता मळणीचे दिवस आहेत, ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन पोती सहज मिळतील. थोडं वाफ्यात मिसळा, बाकी आच्छादनाला ठेवा. चुलीची राख आणि चुना मात्र टाकू नका. आपली माती चुनखडीची, तिचा सामू (पीएच) बहुधा साडेसातच्या वर असतो. राख-चुन्याने तो आणखी चढतो आणि मग मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. तुमच्या लिंबाची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर ते हेच दुखणं. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, तिथे शेणखताने भागतं. लोहासाठी लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि एका लिंबाचा रस घालून संध्याकाळी कोवळ्या पालवीवर फवारा, दहा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस नुसतं मातीत टाकलं तर चुनखडी ते लगेच धरून ठेवते. घालायचंच असेल तर शेणखतात मुरवून घाला.

भाज्यांच्या बाबतीत मी गिऱ्हाइकांना एक सोपा हिशेब देतो: येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, कधी आहे ते कॅलेंडरात बघा आणि तिथून मागे मोजा. येळवशीच्या भज्जीत जे जे पडतं, मेथी, पालक, गाजर, वांगी, वाटाणा, हरभरा, वाल, कांद्याची पात, त्यातलं बहुतेक सगळं तुमच्या वाफ्यात येऊ शकतं. अमावस्या कधी डिसेंबरच्या मध्याला येते, कधी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणून तारीख बघायची. गाजराला तीन महिने लागतात, हिरव्या हरभऱ्याला अडीच, वाटाण्याला दोन-सव्वादोन, मुळ्याला दीड, पालकाला महिना-पाच आठवडे, मेथीला पंचवीस-तीस दिवस. वांगी आणि टोमॅटोचं बी आत्ता टाकलं तर येळवस गाठणार नाही, महिन्याची तयार रोपं आणून लावा. अमावस्या लवकर आली तर गाजर बाजारातून आणावं लागेल, त्याला इलाज नाही. शेतात जाऊन भज्जी-आंबील खाताना त्यातली मेथी आपल्या परसातली आहे हे सांगायला जी मजा येते ती वेगळीच.

मेथी सगळा वाफा एकदम पेरू नका. तिसरा हिस्सा पेरायचा, दहा-बारा दिवसांनी पुढचा, मग राहिलेला. नाहीतर एका आठवड्यात गल्लीभर मेथी वाटत फिरावं लागतं आणि पुढच्या आठवड्यात बाजारात जावं लागतं. कोथिंबिरीचे धने चपलेखाली किंवा लाटण्याने रगडून दोन फाका करायचे, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. अख्खा धना टाकला तर उगवण विरळ होते. हरभरा चार-सहा ओळी लावाच. तो एक महिन्याचा झाला की शेंडे खुडून भाजी करायची, खुडल्याने त्याला फांद्या जास्त फुटतात, घाटेही जास्त लागतात. करडईचं मूठभर बी कडेने टाका, कोवळ्या पानांची भाजी होते आणि पुढे काटे आल्यावर तीच कुंपणाचं काम करते. लसणाच्या मोठ्या पाकळ्या वेगळ्या काढून बोट-बोट अंतराने, टोक वर ठेवून लावा. होळीच्या सुमाराला पात पिवळी पडून मान मोडली की काढायचा. गाजर आणि मुळा काळ्या मातीत सरळ जात नाहीत, त्यांना फाटे फुटतात. त्यांच्यापुरता एका कोपऱ्यात फूटभर उंच वाफा करा आणि त्यात निम्मं शेणखत, निम्मा पोयटा (गाळाची माती) भरा. भेंडी, गवार, काकडीचा मोह टाळा. रात्री गार झाल्या की त्यांचं बी मातीत पडून सडतं. त्यांची पाळी फेब्रुवारीत.

आणि हे सगळं किती वाफ्यांत करायचं? इथे मी जरा कडक बोलतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते विसरून परसबाग आखू नये. नोव्हेंबरात बोअरला पाणी भरपूर असतं, म्हणून लोक दहा वाफे काढतात आणि मार्चमध्ये त्यातले आठ वाळतात. हिवाळ्यात एका चौरस मीटर वाफ्याला दिवसाला साधारण तीन-चार लिटर पाणी लागतं, मे महिन्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. तुमचा दहा बाय तीनचा वाफा म्हणजे पावणेतीन चौरस मीटर, दिवसाला दहा लिटर. काळी माती पाणी धरते, त्यामुळे रोज शिंपडायचं नाही. रोपं रुजली की चार-पाच दिवसांनी एकदम चाळीस-पन्नास लिटर द्यायचं, म्हणजे मुळं खोल जातात. या हिशेबाने पहिल्या वर्षी चार वाफे पुष्कळ झाले. फेब्रुवारीनंतर त्यातले दोन सोडून द्यायची मनाची तयारी ठेवा.

बोअरचं पाणी जड असेल तर कुंड्यांच्या कडेला आणि मातीवर पांढरी पापडी दिसेल. ती खरवडून काढत जा आणि कुंडीच्या तळाचं भोक मोकळं ठेवा, म्हणजे महिन्यातून एकदा भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढता येतात. न्हाणीचं पाणी वाया घालवू नका, पण ते केळी, अळू, कर्दळीकडे सोडा. कपडे धुण्याचं पाणी वाफ्यात नको. धुण्याच्या पावडरीतला सोडा काळ्या मातीला घट्ट करतो, मग पाणी मुरतच नाही. उन्हाळ्यात पाझरून जुना झालेला एखादा माठ असेल तर तो वांग्याच्या चार रोपांच्या मध्ये गळ्यापर्यंत पुरा, पाणी भरा, वर ताटली झाका. माठ मुळाशी हळूहळू पाझरत राहतो आणि वर तणही माजत नाही. रंग दिलेला किंवा चकचकीत माठ चालणार नाही, त्यातून पाणी झिरपत नाही.

रोपं वीतभर झाली की दोन-तीन बोटं जाडीचं आच्छादन घाला: भुसकट, वाळलेलं गवत, उसाचं पाचट, जे मिळेल ते. पेरलेल्या वाफ्यावर उगवण होईपर्यंत काही घालू नका. आणि झाडाच्या बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर वाळवी आच्छादनाखालून थेट सालीवर चढते. पालापाचोळा पेटवून देण्याची आपल्याकडे सवय आहे, ती तेवढी सोडा.

आता झाडं. लिंबाच्या बुंध्याला पाणी लागू देऊ नका. पुष्कळ घरी बुंध्याभोवती खोलगट आळं करून त्यातच पाणी भरतात आणि साल सडून डिंक गळायला लागतो. आळं दुहेरी करा. बुंध्याजवळ मातीचा उंचवटा, त्याच्या बाहेर फांद्यांच्या टोकांखाली येईल असा पाण्याचा चर. पावसाळा संपला की बुंध्याला जमिनीपासून अडीच-तीन फुटांपर्यंत बोर्डो पेस्ट लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात विरघळवा, १०० ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विरवून गाळून घ्या, मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता आणि काडीने ढवळा. भांडी प्लास्टिकची घ्या, मोरचूद लोखंड खातं. निळा दाट लगदा तयार झाला की त्यात स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, अजून चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा खिळा बुडवा. थर येईनासा झाला की ब्रशने लावा, त्याच दिवशी संपवा. डिंक आधीच गळत असेल तर तेवढी सडकी साल धारदार चाकूने खरवडून मग लावा. बागायतदार बहर धरायला पाण्याचा ताण देतात, ते घरच्या दोन झाडांना करत बसू नका. घरच्या लिंबाला वर्षभर थोडी-थोडी फळं आलेलीच बरी.

आंब्याचं नेमकं उलट. फळं धरणारं कलम असेल तर आत्तापासून पाणी बंद. मोहोर येऊन फळ वाटाण्याएवढं होईपर्यंत द्यायचंच नाही. हिवाळ्यात प्रेमाने पाणी घातलं की तो मोहोर सोडून नुसती पालवी काढतो. तीन-चार वर्षांच्या आतलं कलम असेल तर मात्र आठ-दहा दिवसांनी पाणी द्या आणि मोहोर आला तर खुडून टाका. कलमाच्या सांध्याखालून फुटलेले धुमारे दिसले तर आजच काढा, ते गावठी खुंटाचे असतात आणि वाढू दिले तर कलमाला दाबून टाकतात. मोहोरावर पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम, सकाळच्या गारव्यात फवारा.

सीताफळाची पानं जानेवारीत पिवळी होऊन गळतील. झाड मेलं म्हणून पाणी वाढवू नका, ती त्याची झोप आहे.

गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर करा. आधी पाच-सहा दिवस पाणी तोडा. वाळक्या, आत वळलेल्या, पेन्सिलीपेक्षा बारीक फांद्या काढा, उरलेल्यांवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा बघून त्याच्या पाव इंच वर तिरका काप घ्या. कापावर ताजी बोर्डो पेस्ट लावली की फांदी वरून वाळत येत नाही. साधारण दीड महिन्याने, म्हणजे डिसेंबरच्या सुरुवातीला फुलं येतील. मोगऱ्याला आत्ता हात लावू नका, पाणी कमी करत न्या आणि जानेवारीत छाटा. शेवंती फुलात असेल, तिला काठीचा आधार एवढंच. दिवाळीनंतरचा झेंडू उपटून वाफ्यातच गाडा, त्याची मुळं सूत्रकृमींना (मुळांना लागणाऱ्या बारीक कृमींना) आवडत नाहीत. तुळशीच्या मंजिऱ्या खुडत राहा. थंडीत ती काळवंडते, म्हणून पाणी वाढवू नका, फक्त ऊन मिळेल अशी ठेवा.

झाकण्याच्या रात्री. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि पारा आठच्या खाली जाणार अशी बातमी आली की केळी, पपई आणि कोवळी रोपं यांचीच काळजी घ्यायची. परभणीकडे असे दिवस आपल्यापेक्षा जास्त येतात. त्या दिवशी दुपारनंतर वाफ्यांना पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब धरते आणि रात्री सोडते. रोपांवर तुराट्यांची किंवा बांबूच्या कामट्यांची कमान करून जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. प्लास्टिकचा कागद पानाला टेकला तर पान तिथेच करपतं, म्हणून साडीच बरी. कुंड्या दक्षिणेच्या भिंतीपाशी सरकवा. एरवी हिवाळ्यात पाणी सकाळी द्यायचं, संध्याकाळी पानं भिजली की बुरशी येते.

डिसेंबरात दोन-तीन दिवस ढगाळ गेले की मावा येणारच. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन टाका. पानांवर लाल, ठिपकेवाले ढालकिडे फिरत असतील तर चार दिवस काहीच फवारू नका, ते आणि त्यांची काळी काटेरी पिल्लं मावा खातात. तरीही आटोक्यात आला नाही तर ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, चिमूटभर साबण घाला आणि संध्याकाळी फवारा. उन्हात निंबोळी अर्काचा जोर लवकर संपतो.

आवाराचं थोडक्यात. सरपणाचा, तुराट्यांचा ढीग भिंतीपासून लांब आणि विटांवर रचा, तो हलवताना हात घालण्याआधी काठी फिरवा. विंचू आणि घोणस दोन्ही अशाच जागी सापडतात. कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, फुटके डबे रिकामे करा, डेंग्यूचा डास तिथेच वाढतो. आणि घराचा काही भाग जुन्या माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा असेल तर वर उगवलेलं गवत काढा, पन्हाळी मोकळ्या करा, पण तिथे कुंड्या मांडू नका. माळवदावर मातीचं ओझं वाढत गेलं की काय होतं ते १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने आपल्या भागाला दाखवलंय.

एक काम या सगळ्याच्या आधी, म्हणजे शेणखत पडण्याआधी उरकून घ्या. आवारात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल, इंग्रजी 'व्ही'सारखे खड्डे घ्या, प्रत्येकाच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने खरवडा. उकिरड्याजवळची आणि झाडाखालची माती घेऊ नका. सगळी एकत्र करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असं करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवून कापडी पिशवीत लातूरच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा कृषी विज्ञान केंद्रात द्या, सोबत बोअरचं पाणीही बाटलीभर द्या. सामू, क्षारता आणि चुनखडीचे आकडे हातात आले की मला कळवा, मग जिप्सम लागतंय का आणि लिंबाला हिराकस किती द्यायचं ते नेमकं सांगतो.